मौनातून शिथिलता : पदोन्नतीचे नियम, शासनाचा शिथिलीकरणाचा अधिकार आणि सिंधुदुर्गसारखा जिल्हा – एक चिकित्सा

प्रस्तावना

शासकीय सेवेतील पदोन्नती ही कर्मचाऱ्याच्या दृष्टीने उमेदीची बाब असते, तर शासनाच्या दृष्टीने ती प्रशासनाची गरज असते. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी सेवाप्रवेश नियम केले जातात. कोणत्या पदावरून कोणत्या पदावर जाता येईल, त्यासाठी किती वर्षांची सेवा हवी, कोणती विभागीय परीक्षा उत्तीर्ण असावी, एकूण पदांपैकी किती पदे सरळसेवेने व किती पदोन्नतीने भरावीत, हे सर्व त्यांत सांगितलेले असते. आणि अशा अनेक नियमावल्यांच्या अखेरीस एक छोटे कलम असते : शासनास आवश्यक वाटल्यास यांपैकी कोणतीही तरतूद शिथिल करता येईल.

हे कलम वरकरणी निरुपद्रवी दिसते. नियम करणाऱ्यास भविष्यातील सर्व परिस्थिती दिसत नसते. त्यामुळे अडचणीच्या वेळी वाट मोकळी असावी, एवढाच त्याचा हेतू असतो. परंतु गेल्या सहा दशकांतील सेवाविषयक निवाडे पाहिले असता असे आढळते की, या छोट्या कलमानेच अनेकदा संपूर्ण नियमावलीचे भवितव्य ठरविले आहे. ज्येष्ठतेच्या याद्या त्यावरून उलटल्यासुलटल्या गेल्या आणि कर्मचाऱ्यांच्या दोन दोन पिढ्या न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या.

प्रस्तुत लेखात या अधिकाराच्या एका विशिष्ट अंगाची चिकित्सा केली आहे. शासनाने नियम शिथिल केल्याचा लेखी आदेश कोठेही नसताना, केवळ नियमापासून ढळलेल्या वर्तनावरून शिथिलता गृहीत धरणे कितपत योग्य आहे, हा येथील मुख्य प्रश्न आहे. या गृहीतकास अधिकृत रूप मिळाले ते महाराष्ट्रातील अभियंत्यांच्या खटल्यात, १९९० साली. त्याचे परिणाम मात्र मंत्रालयापासून दूर असलेल्या सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्यातून पाहिल्यास अधिक स्पष्ट दिसतात. शिथिलता ही शासनाची बोललेली कृती असली पाहिजे, मौनातून काढलेले अनुमान नव्हे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

घटनात्मक बैठक

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३०९ अन्वये सार्वजनिक सेवांमधील भरती व सेवाशर्ती यांचे विनियमन करण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे. विधिमंडळाने कायदा करेपर्यंत त्याच अनुच्छेदाच्या परंतुकानुसार राज्यपाल नियम करू शकतात. हे नियम कार्यकारी आदेशांसारखे नसून वैधानिक स्वरूपाचे असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने बी. एस. वडेरा खटल्यात स्पष्ट केले. त्याच सुमारास, १९६७ साली, संतराम शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात दुसरे तत्त्व सांगितले गेले : नियम जेथे मौन पाळतात तेथे शासनास प्रशासकीय सूचनांद्वारे पोकळी भरून काढता येईल; पण नियम जेथे बोलतात तेथे अशा सूचनांनी त्यांना बाजूस सारता येणार नाही.

या दोन तत्त्वांची सांगड घातली की शिथिलीकरणाच्या कलमाचे महत्त्व ध्यानात येते. नियम वैधानिक असल्यामुळे शासन त्यांस बांधलेले आहे. साध्या परिपत्रकाने त्यांतून सुटका नाही. सुटकेचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे नियमांनीच दिलेला शिथिलीकरणाचा अधिकार. म्हणजे हा अधिकार नियमाच्या बाहेरचा नसून नियमाचाच भाग आहे. ज्या अटींवर नियमाने तो दिला, त्या अटींवरच तो वापरता येतो.

अशा कलमांचे प्रामुख्याने दोन नमुने आढळतात. पहिला नमुना अखिल भारतीय सेवांसाठीच्या १९६० च्या अवशिष्ट बाबींविषयक नियमांत दिसतो. एखाद्या नियमाच्या अंमलबजावणीमुळे विशिष्ट प्रकरणी अवाजवी हालअपेष्टा होत असल्याची शासनाची खात्री झाल्यास, न्याय्य व समतोल रीतीने ते प्रकरण हाताळण्यासाठी आवश्यक तेवढ्या मर्यादेत नियम शिथिल करता येतो. दुसरा नमुना केंद्र शासनाच्या सेवाप्रवेश नियमांत सर्रास आढळतो. त्यानुसार आवश्यक किंवा इष्ट वाटल्यास, कारणे लेखी नोंदवून आणि जेथे लागू असेल तेथे लोकसेवा आयोगाचा विचार घेऊन, व्यक्तींच्या एखाद्या वर्गाबाबत अगर प्रवर्गाबाबत तरतूद शिथिल करता येते. पहिल्या नमुन्याचा गाभा ‘हालअपेष्टा’ हा आहे, तर दुसऱ्याचा गाभा ‘लेखी कारणे’ हा आहे. दोहोंत एक गोष्ट समान आहे : शासनाने आधी विचार करावा, मग ठरवावे आणि ठरविल्याचे सांगावे. खात्री होणे ही मनाची क्रिया आहे व आदेश काढणे ही तिची प्रकट खूण. या दोन पायऱ्यांवाचून शिथिलता अस्तित्वात येत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद ३२० अन्वये पदोन्नतीच्या तत्त्वांबाबत लोकसेवा आयोगाचा विचार घेणे अपेक्षित आहे. असा विचार न घेतल्याने निर्णय आपोआप रद्द होत नाही, असे १९५७ मधील मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यापासून मानले जाते. तथापि बंधनकारक नसलेली गोष्ट अनावश्यक ठरत नाही. आयोगाकडे प्रकरण पाठवावयाचे म्हणजे त्याची कारणमीमांसा कागदावर आणावी लागते, हाच त्या तरतुदीचा व्यावहारिक लाभ आहे.

१९९० चा निवाडा व त्याची पार्श्वभूमी

मुंबई राज्याच्या अभियांत्रिकी सेवांसाठी केलेल्या १९६० च्या नियमांत सरळसेवेने व पदोन्नतीने करावयाच्या नियुक्त्यांचे प्रमाण शक्य तोवर ७५ : २५ असावे, अशी तरतूद होती. ‘शक्य तोवर’ हे शब्द पुढे फार महत्त्वाचे ठरले. त्याच काळातील उपजिल्हाधिकाऱ्यांच्या भरतीबाबतच्या १९५९ च्या मुंबई शासनाच्या ठरावातही अर्धे सरळसेवेने व अर्धे पदोन्नतीने हे प्रमाण ‘शक्य तोवर’ पाळावे, असे म्हटले होते. त्या ठरावावरून उद्भवलेला एन. के. चौहान विरुद्ध गुजरात राज्य हा खटला १९७६ साली निकाली निघाला. एकाच राज्यकारभारातून आलेली ही शब्दयोजना पाहता, प्रमाण ठरवितानाच त्यातून सुटण्याची फट ठेवण्याची प्रवृत्ती किती जुनी आहे हे दिसून येते.

राज्यनिर्मितीनंतर पाटबंधारे व सार्वजनिक बांधकाम या विभागांचे काम झपाट्याने वाढले. सरळसेवेने पुरेसे अभियंते उपलब्ध झाले नाहीत. परिणामी खालच्या पदांवरील अभियंत्यांना ठरलेल्या प्रमाणापेक्षा अधिक संख्येने उपअभियंता पदावर बढती देण्यात आली आणि त्यांनी वर्षानुवर्षे ते काम केले. नंतर सरळसेवेने आलेले अधिकारी आणि हे पदोन्नत अधिकारी यांच्यात ज्येष्ठतेचा वाद सुरू झाला. १९७७ साली पटवर्धन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी ज्येष्ठता केवळ कायमपणाच्या आदेशावर अवलंबून ठेवणे अनुच्छेद १४ व १६ शी विसंगत ठरविले. कायमपणाचा आदेश कर्मचाऱ्याच्या कार्यक्षमतेवर अवलंबून नसतो, तो शासनाच्या लहरीप्रमाणे मिळतो, हे त्या निकालातील निरीक्षण आजही लागू पडते.

हा वाद तेथे संपला नाही. सरळसेवा भरती वर्ग-दोन अभियांत्रिकी अधिकारी संघटना विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २ मे १९९० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला. न्या. एल. एम. शर्मा यांनी लिहिलेल्या या निकालपत्राच्या अखेरीस इंग्रजी वर्णाक्षरांच्या क्रमाने निष्कर्ष दिलेले आहेत. देशातील सेवाविषयक खटल्यांत त्यांचा आधार आजही घेतला जातो. यांपैकी चार निष्कर्ष प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहेत.

पहिल्या निष्कर्षानुसार, नियमानुसार झालेल्या नियुक्तीची ज्येष्ठता नियुक्तीच्या दिनांकापासून मोजावी. नियमबाह्य, तात्पुरती सोय म्हणून झालेल्या नियुक्तीचा काळ मात्र मोजू नये. चौथ्या निष्कर्षानुसार, प्रमाणाचा नियम पाळणे अशक्य झाल्यास त्याऐवजी योग्य असा दुसरा नियम करावा. मात्र अशक्यतेमुळे तो अनेक वर्षे सातत्याने पाळला गेला नसेल, तर तो कोलमडून पडला असे अनुमान अटळ होते. पाचव्या निष्कर्षानुसार, अशा स्थितीत विहित कार्यपद्धतीने बढती मिळालेल्यांना नंतर आलेल्या सरळसेवेच्या अधिकाऱ्यांच्या खाली ढकलू नये. आणि सहाव्या निष्कर्षानुसार, प्रमाण शिथिल करण्याची मुभा नियमांत असेल, तर त्या प्रमाणापासून विचलन झाल्याचे दिसताच शिथिलता दिली गेली होती, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरावे.

निवाड्याची योग्य बाजू

या निवाड्याचे मूल्यमापन करताना त्यामागील न्यायबुद्धी नाकारता येणार नाही. पदोन्नत अभियंत्यांनी स्वतःहून नियम मोडलेला नव्हता. शासनाने त्यांना वरच्या पदावर बसविले, त्यांच्याकडून धरणांची, कालव्यांची, रस्त्यांची कामे करवून घेतली आणि दहा-पंधरा वर्षांनंतर त्यांची सेवा अनियमित होती असे म्हणणे हा अन्यायच ठरला असता. शासनाच्या निष्काळजीपणाचा भुर्दंड कनिष्ठ कर्मचाऱ्याने का सोसावा, हा प्रश्न रास्त आहे. शिवाय ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दामुळे गृहीतक खोडून काढण्यास वाव ठेवला आहे, हेही मान्य केले पाहिजे.

गृहीतकातील तीन उणिवा

तथापि सहाव्या निष्कर्षात तीन गंभीर उणिवा आहेत.

पहिली उणीव अशी की, चौथा व सहावा हे निष्कर्ष परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. नियम पाळणे अशक्य असेल तर नियम बदलावा, असे चौथा निष्कर्ष सांगतो. हा मार्ग कष्टाचा आहे : मसुदा करावा लागतो, विधी व सामान्य प्रशासन विभागांचे अभिप्राय घ्यावे लागतात, राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. सहावा निष्कर्ष मात्र सांगतो की, यांपैकी काहीही न करता नियमापासून नुसते ढळत राहिले तरी चालेल. शिथिलता मागाहून गृहीत धरली जाईल. सोपा व कठीण असे दोन मार्ग समोर असता आणि दोहोंचे फळ एकच असता, प्रशासन कोणता मार्ग पत्करील हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची आवश्यकता नाही. नियम बदलण्याची प्रेरणाच या गृहीतकाने क्षीण केली.

दुसरी उणीव शिथिलतेच्या स्वरूपाविषयी आहे. वर म्हटल्याप्रमाणे शिथिलीकरणाच्या अधिकारात विचार, कारण आणि आदेश हे तीन घटक अनुस्यूत आहेत. मौनातून शिथिलता काढली की तिन्ही नाहीसे होतात. निर्णय कोणी घेतला, सचिवांनी, मंत्र्यांनी की कोणीच नाही, हे कळत नाही. कारण अभियंत्यांचा तुटवडा होता की जाहिरात काढण्यातील दिरंगाई होती, हेही कळत नाही. आणि कारणच ठाऊक नसेल, तर ते योग्य होते की अयोग्य याचे न्यायालयीन परीक्षण कशाच्या आधारे करावयाचे? परीक्षणास वाव नसलेला अधिकार हा अनुच्छेद १४ च्या मूळ कल्पनेशी विसंगत आहे. ज्या न्यायालयाने १९७७ साली शासनाच्या लहरीवर आधारलेली ज्येष्ठता त्याज्य ठरविली, त्यानेच १९९० साली शासनाच्या मौनावर आधारलेली ज्येष्ठता ग्राह्य धरली, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

तिसरी उणीव अनुपस्थित पक्षाविषयी आहे. एखाद्यास दिलेली शिथिलता ही बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी संधीतून दिलेली असते. सरळसेवेची जागा पदोन्नतीने भरली गेली तर ज्याने त्या वर्षी स्पर्धा परीक्षा दिली असती, त्याची संधी गेली. तो न्यायालयात येत नाही, कारण आपले काही गेले हेच त्यास ठाऊक नसते. लेखी व प्रसिद्ध आदेश असता तर निदान हरकत घेण्याची वेळ तरी कळली असती. मौनास मात्र दिनांक नसतो. त्यामुळे त्याविरुद्ध मुदतीत दादही मागता येत नाही.

नंतरच्या निवाड्यांतील दुरुस्ती

सर्वोच्च न्यायालयाने पुढे या प्रश्नाकडे वेगवेगळ्या दृष्टींनी पाहिले. १९९० मधीलच जे. सी. यादव विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात शिथिलीकरणाचे कलम उदारपणे वाचून, व्यक्तीप्रमाणेच व्यक्तींच्या वर्गासही शिथिलता देता येते, असे म्हटले गेले. याउलट उत्तर प्रदेशातील वनसेवेविषयीचा केशवचंद्र जोशी खटला आणि पोलीस सेवेविषयीचा सय्यद खालिद रिझवी खटला यांत न्यायालयाने मर्यादा आखली : सेवाशर्ती शिथिल करता येतील, पण भरतीच्या मूलभूत अटी शिथिल करता येणार नाहीत. २००० मधील सूरजप्रकाश गुप्ता विरुद्ध जम्मू-काश्मीर राज्य या खटल्यात तर अभियंत्यांच्या तात्पुरत्या बढत्या सरसकट शिथिलतेने नियमित करण्याचा प्रयत्न न्यायालयाने अमान्य केला. लोकसेवा आयोग व विभागीय पदोन्नती समिती यांना वळसा घालून घाऊक शिथिलता देता येणार नाही, असे त्यातून निष्पन्न झाले. पुढे १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी खटल्यात घटनापीठाने नियमितीकरण ही भरतीची पद्धत होऊ शकत नाही, असे बजावले.

ही दुरुस्ती स्वागतार्ह असली तरी अपुरी आहे. भरतीची अट व सेवेची शर्त हा भेद सरळसेवेच्या बाबतीत स्पष्ट असतो. पदोन्नतीच्या बाबतीत तो धूसर होतो, कारण पदोन्नती ही एकाच वेळी वरच्या पदावरील भरतीची रीत असते व खालच्या पदावरील कर्मचाऱ्याची सेवाशर्तही असते. पाच वर्षांच्या अनुभवाची अट ही भरतीची अट की सेवेची शर्त? विभागीय परीक्षा ठराविक संधींत उत्तीर्ण होण्याची अट कोणत्या गटात घालावी? या प्रश्नांना त्या भेदातून निश्चित उत्तर मिळत नाही. त्याऐवजी अटीचा हेतू काय, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. जी अट नागरिकाच्या हितासाठी, म्हणजे पदावरील व्यक्तीच्या क्षमतेच्या खात्रीसाठी घातलेली आहे, ती शिथिल करण्यास अत्यंत सबळ कारण हवे. जी अट केवळ प्रशासनाच्या क्रमासाठी घातलेली आहे, ती हालअपेष्टा टाळण्यासाठी शिथिल करण्यास फारशी हरकत नसावी.

सिंधुदुर्गातून पाहताना

हा प्रश्न केवळ दोन कर्मचारी गटांतील भांडणाचा नाही, हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात लक्षात येते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती; २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. ज्या जिल्ह्यातून माणसेच बाहेर जातात, तेथे बाहेरचा अधिकारी स्वेच्छेने येऊन राहील, ही अपेक्षा बाळगणे कठीण असते. पद मंजूर आहे, पण पदावर माणूस नाही. शेजारच्या कार्यालयातील अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार आहे, हा अनुभव कोकणात नवा नाही.

या परिस्थितीवर उपाय म्हणून राज्य शासनाने गट-अ व गट-ब च्या पदांसाठी विभाग वाटपाचे नियम केले. २०१० पासून ते वेळोवेळी नव्याने करण्यात आले असून महसुली विभाग वाटप नियम, २०२१ हे त्यांतील अलीकडचे होत. सरळसेवेने अगर पदोन्नतीने नियुक्त होणाऱ्यास कोणता महसुली विभाग मिळेल, हे व्यक्तीच्या सोयीवर न सोडता नियमाने ठरवावे, असा त्यांमागील हेतू आहे. रिक्त पदांचा भार विदर्भ, मराठवाडा व कोकण यांवर एकतर्फी पडू नये, ही त्यातील न्यायाची कल्पना होय.

अशा नियमांतही अपवाद असतात व ते असावेतही. गंभीर आजार अथवा पती-पत्नी एकत्रीकरण ही कारणे मानवी आहेत. परंतु अपवाद किती जणांस, कोणत्या कारणास्तव व किती काळासाठी दिले, याची प्रकट नोंद नसेल, तर कोकणास वाटून दिलेला अधिकारी कागदावर कोकणात आणि प्रत्यक्षात अन्यत्र अशी स्थिती उद्भवू शकते. येथे अनुपस्थित पक्ष म्हणजे मालवणचा वा देवगडचा नागरिक. तो शिथिलतेच्या नस्तीत कोठेही पक्षकार नसतो.

मालवण किनारपट्टीचे एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ मध्ये २०२१ साली सुधारणा झाली. त्यापूर्वी या कायद्याखालील प्रकरणांत दंडाचा निर्णय तहसीलदार देत असत. सुधारणेनंतर हा अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आला. सिंधुदुर्गचे सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचे कार्यालय मालवणात आहे. पर्ससीन व प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी आणि पारंपरिक रापणकर व गिलनेटधारक मच्छीमार यांच्यातील संघर्ष या किनाऱ्यावर दीर्घकाळ चालू आहे. अशा प्रकरणात नौकामालकास लाखो रुपयांचा दंड होऊ शकतो. दंड झाला नाही तर पारंपरिक मच्छीमाराच्या जाळ्यात काही उरत नाही. म्हणजे या विभागातील पद आता केवळ योजना राबविण्याचे राहिले नसून निवाडा देण्याचे झाले आहे.

पदाचे स्वरूप असे बदलल्यावर त्यावरील पदोन्नतीसाठी विहित केलेला अनुभव व परीक्षा यांना निराळेच महत्त्व येते. सुनावणी घेणे, पुरावा तोलणे, कारणांसह आदेश लिहिणे या गोष्टी अनुभवाशिवाय येत नाहीत. अशा पदासाठी अनुभवाची अट शिथिल करावयाची झाल्यास, पद रिक्त ठेवण्यापेक्षा ते बरे का, याचे लेखी उत्तर शासनाकडे असले पाहिजे. ते उत्तर कदाचित समाधानकारकही असेल : दूरच्या अधिकाऱ्याकडील अतिरिक्त कार्यभारापेक्षा जागेवरील कमी अनुभवी अधिकारी किनाऱ्यास अधिक उपयोगी, असे म्हणता येईल. पण ते म्हटले गेले पाहिजे. न म्हटलेल्या कारणाचा प्रतिवाद रापणकर संघास करता येत नाही व नौकामालकासही करता येत नाही.

दाद मागण्याच्या सोयीचाही येथे विचार आवश्यक आहे. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण १९९१ साली स्थापन झाले. सिंधुदुर्गातील राज्य शासकीय कर्मचाऱ्यास त्यासाठी मुंबई गाठावी लागते. उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाल्याने जिल्हा परिषद कर्मचारी व शिक्षक यांची वाट काहीशी जवळची झाली. तथापि ज्येष्ठतेच्या एका क्रमांकासाठी वर्षानुवर्षे वकील देणे कनिष्ठ कर्मचाऱ्यास परवडत नाही. आदेश आधीच प्रसिद्ध होऊन त्यावर हरकत मागविली गेली, तर यांतील बरेचसे वाद कार्यालयातच मिटू शकतील.

मौनाचा दुसरा अर्थ : अधिव्याख्यात्यांचे उदाहरण

मौनातून शिथिलता गृहीत धरणे कर्मचाऱ्यांच्या हिताचे आहे, असा युक्तिवाद केला जातो. महाविद्यालयीन अध्यापकांचाच अनुभव या युक्तिवादाच्या विरोधात जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९ सप्टेंबर १९९१ च्या विनियमांनी अधिव्याख्याता पदासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, अथवा तिच्याशी समकक्ष राज्यस्तरीय परीक्षा, म्हणजे सेट, आवश्यक केली. त्याच विनियमांत, आयोगाची पूर्वमान्यता घेऊन विद्यापीठास पात्रता शिथिल करता येईल, असे परंतुक होते. तरीही महाराष्ट्रात ३ एप्रिल २००० पर्यंत अनेक अध्यापकांच्या नियुक्त्या नेट-सेटविना झाल्या. निवड समित्या बसल्या, विद्यापीठांनी मान्यता दिल्या, शासनाने वेतन अदा केले आणि या अध्यापकांनी पदवीचे वर्ग शिकविले, उत्तरपत्रिका तपासल्या. स्थिती अभियंत्यांसारखीच होती : नियम होता, शिथिलतेचे कलम होते आणि नियमापासून दीर्घकाळ विचलन झालेले होते.

येथे मात्र मौनाचा अर्थ उलट लावला गेला. शिथिलता दिली गेली होती असे गृहीत धरले गेले नाही. ती दिली गेली नव्हती असेच धरले गेले. स्थाननिश्चिती, म्हणजे अध्यापकांच्या दृष्टीने पदोन्नती, वर्षानुवर्षे अडकून राहिली. २०१३ साली प्राध्यापक संघटनेने परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, त्यामागे हाही एक प्रश्न होता. अखेर २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने या अध्यापकांच्या सेवा त्या निर्णयाच्या दिनांकापासून नियमित करण्यात आल्या. आधीच्या सेवेचे काय, हा प्रश्न त्यानंतरही न्यायालयांत जात राहिला.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली असता निष्कर्ष स्पष्ट होतो. अभियंत्यांच्या बाबतीत मौन म्हणजे संमती ठरले. अधिव्याख्यात्यांच्या बाबतीत मौन म्हणजे नकार ठरला. दोन्ही वेळा शासन वा आयोग वेळेवर बोलले असते, तर एका बाजूस सरळसेवेच्या उमेदवारास आपली संधी का गेली हे कळले असते आणि दुसऱ्या बाजूस अध्यापकास आपण परीक्षा द्यावी की नाही हे १९९२ सालीच कळले असते. मौन कर्मचाऱ्याच्या बाजूने नसते. ते नंतर अर्थ लावणाऱ्याच्या बाजूने असते.

पर्यायी कसोटी

या विवेचनाच्या आधारे शिथिलीकरणाच्या अधिकारासाठी काही कसोट्या सुचविता येतात. पहिली, शिथिलता नियुक्तीपूर्वी, लेखी आणि कारणांसह दिलेली असावी. नियमापासून ढळणे हा शिथिलतेचा पुरावा मानू नये. दुसरी, आदेश प्रसिद्ध केला जावा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये बाधित व्यक्तींना प्रशासकीय निर्णयाची कारणे कळविणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. शिथिलतेचा आदेश त्यास अपवाद असू शकत नाही. तिसरी, शिथिलतेस मुदत असावी. तुटवड्यामुळे दिलेली शिथिलता तुटवडा संपल्यावर चालू राहू नये व तुटवडा कायमचा असेल तर चौथ्या निष्कर्षाप्रमाणे नियमच बदलावा. चौथी, पदाच्या क्षमतेशी निगडित अट आणि प्रशासकीय क्रमाशी निगडित अट यांत भेद करावा.

पाचवी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. वेतन व निवृत्तिवेतन हा कर्मचारी आणि शासन या दोघांमधील हिशेब आहे. ज्याने वरच्या पदाचे काम केले त्यास त्या कामाचे वेतन व त्या सेवेचे निवृत्तिवेतन मिळालेच पाहिजे; शासनाच्या चुकीचा भुर्दंड शासनाने सोसावा. ज्येष्ठता मात्र तिसऱ्या व्यक्तीशी संबंधित आहे. ती देताना शासन स्वतःच्या तिजोरीतून काही देत नाही, दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या क्रमातून देते. म्हणून मागाहून गृहीत धरलेल्या शिथिलतेने वेतन व निवृत्तिवेतन यांचे संरक्षण व्हावे, परंतु इतरांवरील ज्येष्ठता मिळू नये. महाराष्ट्र नागरी सेवा ज्येष्ठतेच्या १९८२ च्या नियमावलीत, म्हणजे २०२१ ची नियमावली येण्यापूर्वीच, अभावित सेवा ज्येष्ठतेसाठी न मोजण्याचे तत्त्व होते. ते या विचाराशी सुसंगत आहे. १९९० च्या निवाड्याने ज्या अन्यायाचे निवारण करावयाचे ठरविले होते, ते या भेदाने साधता आले असते आणि मौनास आदेशाचा दर्जा देण्याची गरज उरली नसती.

निष्कर्ष

शिथिलीकरणाचा अधिकार नाहीसा करावा, असे या चिकित्सेतून सुचवावयाचे नाही. सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्यासाठी तर त्याची आवश्यकता अधिक आहे, कारण राज्यासाठी एकजिनसी केलेला नियम किनाऱ्यावरील परिस्थितीस नेहमीच लागू पडतो असे नाही. परंतु ज्या जिल्ह्यास शिथिलतेची गरज अधिक, त्याच जिल्ह्यास ती अघोषित राहिल्याचे नुकसानही अधिक सोसावे लागते. मंत्रालयातील नस्तीत काय घडले वा घडले नाही, हे मालवणच्या कार्यालयातील लिपिकास, तेथील अध्यापकास अथवा बंदरावरील मच्छीमारास समजण्याचा एकमेव मार्ग म्हणजे प्रसिद्ध झालेला सकारण आदेश होय.

१९९० च्या घटनापीठाने शासनाच्या चुकीपासून कर्मचाऱ्यास वाचविले, हे त्याचे श्रेय आहे. त्यासाठी त्याने शासनाच्या मौनास वाणी दिली, ही त्याची मर्यादा आहे. सूरजप्रकाश गुप्ता व उमादेवी या निवाड्यांनंतर सहाव्या निष्कर्षाचा पुनर्विचार होणे क्रमप्राप्त आहे. तोवर निदान राज्याच्या सेवाप्रवेश नियमांतील शिथिलीकरणाच्या प्रत्येक कलमात, लेखी व प्रसिद्ध आदेशाशिवाय कोणतीही शिथिलता दिली गेल्याचे मानले जाणार नाही, असे एक वाक्य जोडणे राज्य शासनास सहज शक्य आहे. न्यायालयाने गृहीतक उभारले ते नियमांनी त्याविषयी काही म्हटले नव्हते म्हणून. नियमच स्पष्ट बोलू लागले, तर त्या गृहीतकास वाव उरणार नाही.